हवेसाठी मागितलेले दार

किल्लीमावशीला नवऱ्याच्या हातचा पहिला मार बसला तो रविवारी, भरल्या उपासनेच्या वेळी. तेव्हा तिला किल्लीमावशी कोणी म्हणत नव्हते. चर्चच्या राखणदाराची नवी बायको, एवढीच तिची ओळख. राखणदाराला राहायला चर्चच्या पाठीमागे, वेदीच्या भिंतीला लागून एक खोली होती. भिंतीच्या अलीकडे त्यांची शेगडी आणि पलंग, पलीकडे गायकांची बाके आणि ऑर्गन. त्या दिवशी घंटा वाजवायला निघताना त्याला बूट पुसलेले मिळाले नाहीत. घंटा वाजवून तो परत आला, दार लावून घेतले आणि काही न बोलता तिचे डोके भिंतीवर आपटले.

पलीकडे गीत चालू होते. धप्प आवाज झाला आणि ऑर्गनचा सूर एकाएकी चढला. तिला वाटले, योगायोग असेल. डोके दुसऱ्यांदा आपटले तेव्हा ऑर्गन आणखी चढला आणि मंडळीही घसा मोकळा सोडून गाऊ लागली. पुढे हा क्रम तिच्या अंगवळणी पडला. इकडे बुक्की, तिकडे सूर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिने जन्मभर खाल्ला. पण तिचे तोंड दाबायला नवऱ्याचा हात गुंतत नसे. ते काम पलीकडची मंडळी भक्तिभावाने करी आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहत.

बाहेर हा माणूस म्हणजे गोगलगाय. म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवी, बिजागऱ्यांना तेल घाली, मुलांना घंटेचा दोर धरू देई. पोटातले पाय फक्त तिने पाहिले होते. त्याने तिच्या डाव्या हाताची करंगळी मोडली ती वाकडीच जुळली. एका कानाने कमी येऊ लागले. पोटुशी असताना त्याने पोटात लाथ घातली आणि त्यानंतर तिची कूस पुन्हा भरली नाही. मंडळीतल्या बायका भेटायला आल्या, तिच्या कपाळावर हात ठेवून गेल्या. पण पोट कशाने पडले, हे एकीनेही विचारले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ; विचारायचे कोणी आणि सांगायचे कोणाला?

मारण्याची त्याची एक पद्धत होती. तो आधी दारात उभा राही. घाई म्हणून करत नसे, कारण खोलीला दुसरे दार नव्हते. तो बाह्या दुमडीपर्यंत ती भिंतीकडे बघत राही. दमट हवेत त्या भिंतीच्या गिलाव्यावर एका कमानीची रेघ उमटे. फार पूर्वी तिथे दार होते. जुने पाळक त्यातून थेट वेदीपाशी जात. कोणालातरी त्यातून येणारा वारा बाधला आणि ते विटांनी बुजवले गेले. मार खाताना तिचे डोळे त्या रेघेवर खिळलेले असत. आपण एक पाऊल टाकावे आणि थेट गायकांच्या मध्ये जाऊन पडावे, असे तिला वाटे. मग उपासना संपे, तो घाम पुसून बाहेर जाई आणि फाटकाशी उभा राहून सगळ्यांना हसतमुखाने निरोप देई.

त्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ज्या हाताने तो मारी तोच हात आधी गेला. तो अंथरुणाला खिळला आणि तिने त्याला चमच्याने भरवले, कूस बदलली, शेवटी डोळेही मिटले. बायका म्हणाल्या, नवऱ्याची सेवा करावी तर अशी. ती म्हणाली, "वळण पडलं होतं." त्यात टोमणा होता की नाही, हे कोणाला कळले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

राखणदारी तिच्याकडे आली. खरे तर ती आधीपासून तिचीच होती. बरगडी दुखत असतानाही छपराची कौले फिरवायला शिडीवर तीच चढत असे. भिंतींना चुना तीच लावत असे. आता कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला आणि ती किल्लीमावशी झाली. 

मग नवे पाळक आले. तरुण होते, बोलण्यात नम्र आणि मनात हट्टी. आल्याआल्या त्यांनी मंडळीला सुनावले की आपली इमारत आठवडाभर झोपते, रविवारी तेवढी कूस बदलते. असली ऐतखाऊ इमारत पोसण्यापेक्षा तिला कामाला लावू या. मोठ्या दरवाजावरच्या दगडात पूर्वजांनी कोरून ठेवले होते की मारल्या-झोडल्या गेलेल्या कोणालाही इथे आसरा मिळेल. तो दगड दरवर्षी धुतला जाई. वाचला क्वचितच जाई. पाळकांचे म्हणणे असे की मागच्या अडगळीच्या खोलीत मोडकी बाके सांभाळण्यापेक्षा तिथे मार खाऊन घर सोडलेल्या बायकांची सोय करावी. अडगळीची खोली आणि मावशीची खोली यांच्यातली पडदी काढली की एक मोठी खोली होईल. देखरेख मावशी करील.

इमारत समितीचा प्रमुख म्हणजे मंडळीतला ठेकेदार. देहाने आडवा, आवाजाने मोठा, मनाने वाईट नव्हे. इतरांची घरे बांधून त्याला एक खोड लागली होती: कोणतीही अडचण सांगा, तो तिच्यावर काहीतरी बसवून देई. त्याने योजना उचलून धरली. पडदी काढली, दोन दारांतले एक बुजवले, खाटा आणल्या, नळ घेतला, मागच्या दाराला नवी कडी बसवली. त्याच सपाट्यात मंदिराचे, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या दालनाचेही काम काढले. आता मागे बायका-मुले राहणार, रडारड होणार, उपासनेत व्यत्यय नको. म्हणून वेदीच्या भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत लाकडी पॅनेल लावायचे आणि आतून जाड गादीसारखे आवाज गिळणारे अस्तर घालायचे, असे ठरले. हे काम मंडळीतल्या सुताराने सेवा म्हणून अंगावर घेतले. हा सुतार गायकवृंदातही होता. मंद्र सप्तकात त्याच्यासारखा आवाज दुसरा नव्हता.

पॅनेल लागण्याआधी समितीची बैठक झाली आणि मावशी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलायला उभी राहिली. या भिंतीत पूर्वी दार होते, ते पुन्हा उघडावे, एवढे ती नीट बोलली. ठेकेदाराने सहज विचारले, कशासाठी?

तिने समोर पाहिले. जी तोंडे पलीकडून गात होती तीच तोंडे तिच्याकडे पाहत होती. पाठ केलेले वाक्य तिने सोडून दिले.

"हवेसाठी," ती म्हणाली.

हवेचे नाव निघताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बैठकीला एकदम रंग भरला. वारा कोणत्या दिशेने येतो, उन्हाळ्यात कुठून खेचतो, यावर जो तो बोलू लागला. दार उघडले तर शेगडीचा वास वेदीवर येईल, असे एकाने सांगितले. सुताराने फार नम्रपणे नोंदवले की पॅनेल अखंड असले तरच शोभेल. मध्ये दार आले की जोड दिसणार. ठेकेदार म्हणाला, मावशी, दार कशाला, तुम्हाला असा एक्झॉस्ट फॅन बसवून देतो की उशीसुद्धा भिंतीला जाऊन चिकटेल. सगळे हसले. फॅन मंजूर झाला. पाळक नवे होते. त्यांना खरोखरच वाटले की प्रश्न हवेचा होता. बाकी कोणाला तसे वाटले नव्हते.

बैठकीनंतर ती कुलपे लावत फिरत होती. ऑर्गनवाल्या बाई मागे रेंगाळल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, शिस्तीच्या बाई. मावशी या घरात नवरी म्हणून आली तेव्हाही ऑर्गनवर त्याच होत्या.

"बाई, तुम्ही तरी तोंड उघडायचं होतं," मावशी म्हणाली.

"काय बोलू? तू हवा म्हणालीस. हवेतलं मला काय कळतं?"

"दार कशाला हवंय ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणून तर जन्मभर मोठ्यानं वाजवलं." बाईंनी ऑर्गनवरची नसलेली धूळ पुसली. "माणसं भिंतीकडे माना वळवायला लागायची. तुला पुन्हा त्यांच्यासमोर झाडायला यायचं असायचं. म्हटलं, हिची अब्रू तरी झाकावी. तेवढंच माझ्या हातात होतं."

मावशी बराच वेळ किल्ली शोधत राहिली. "आणि मी ओरडत नव्हते," ती म्हणाली, "की तुमची उपासना मोडू नये."

बाई छत्री शोधू लागल्या. छत्री त्यांच्या हातातच होती.

खोली तयार झाली, पॅनेलही लागले. शनिवारी दुपारी मागच्या दारावर पहिली थाप पडली. पहिली येईल ती कोणी परकी बाई असेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. दारात सुताराची बायको उभी होती. तिचा जबडा एका बाजूला सरकला होता, कानातून आलेले रक्त मानेवर सुकले होते आणि पाठीवर, कपड्यांच्या आत, मोजपट्टीच्या लोखंडी कडेचे लांब वळ उठले होते. पॅनेल वेळेत पूर्ण व्हावे म्हणून तो आठवडाभर जागला होता. जेवण गार वाढले, एवढेच निमित्त. मावशीने तिला पाहिले आणि तिच्या स्वतःच्या वाकड्या करंगळीत कळ उठली.

डॉक्टरांनी जबडा बसवून पट्टीने बांधला आणि पोलिसांत जा म्हणून सांगितले. मावशीचेही तेच म्हणणे पडले. पाळक चिंतेत पडले. दुसऱ्या दिवशी पॅनेलचे समर्पण होते, सुताराचे वेदीवरून आभार मानायचे जाहीर झाले होते. ते म्हणाले, उपासना तेवढी होऊ द्या, मग मी स्वतः त्याच्याशी बोलतो आणि हिला घेऊन चौकीवरही जातो. भले माणूस, भलेपणाने एका उपासनेची मुदत मागत होते. मावशीने मागचे फाटक आणि मागचे दार दोन्ही लावून घेतले आणि किल्ल्या कमरेला खोचल्या.

रविवारी मंदिर नव्या लाकडाच्या वासाने भरून गेले होते. पाळकांनी सुताराचे नाव घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याने मान खाली घातली. पुढच्या गीतासाठी सगळे उभे राहत असताना शेजारच्या गायकाने काळजीच्या सुरात विचारले की वहिनी मागच्या खोलीत असतात का, काल दुपारी दिसल्या होत्या, बरे नाही का त्यांना? सुतार हसला. गीताची वही बाकावर ठेवून तो बाजूच्या दाराने बाहेर पडला. कामाची पिशवी तिथेच होती. तिच्यातून त्याने मोठा हातोडा घेतला, कुंपणावरून उडी मारली आणि मागच्या दाराच्या कडीवर पहिला घाव घातला.

ऑर्गनवाल्या बाईंनी त्याला जाताना पाहिले होते. भिंतीला आता अस्तर होते, तरी मागच्या बाजूने काहीतरी अस्पष्ट आदळल्यासारखे त्यांच्या कानांनी टिपले. पुढचे त्यांच्या मनाने केले नाही, हातांनी केले. आवाजाची खुंटी त्यांनी शेवटपर्यंत ओढली. ऑर्गन गरजला आणि सवयीप्रमाणे अख्खी मंडळी मोठ्याने गाऊ लागली.

आत कडी दुसऱ्या घावाला वाकली, तिसऱ्याला उखडली. मावशी आडवी आली. त्याने हातोडा तिच्या उजव्या हातावर मारला. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज तिने आपल्या चांगल्या कानाने ऐकला. तो तिला ओलांडून गेला. बायको खाटेखाली शिरत होती. त्याने केस धरून तिला बाहेर ओढले, पट्टी बांधलेल्या जबड्यावर बुक्की मारली आणि हातोडा खाली टाकून दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. तो एक शब्द बोलला नाही. राखणदारही बोलत नसे. बायकोच्या टाचा फरशीवर आपटत होत्या.

मावशी भिंतीकडे धावली आणि डाव्या मुठीने तिच्यावर बडवू लागली. तिने हाक मारली, मग किंचाळली. इतकी वर्षे कोंडलेली किंकाळी होती ती. पण पलीकडे लाकूड होते, गादी होती, ऑर्गन होता. गीताचे तिसरे कडवे चालू राहिले.

फॅनसाठी भिंत फोडायला आणलेली पहार खाटेच्या कडेला पडली होती. तिने ती डाव्या हातात घेतली. सुताराची पाठ तिच्याकडे होती, मान वाकलेली होती. अशा मानेवर पहार कशी घालायची, हे तिने या खोलीत मनातल्या मनात असंख्य वेळा ठरवले होते. फक्त मान दुसऱ्याची होती. तिने सर्व जोर लावला. पण एका हातात पहार पेलवली नाही. घाव मानेवर न बसता खांद्याखाली बसला. तो ओरडला, गळ्यावरचे हात सुटले आणि तो घसरत दाराकडे कोसळला. कोसळतानाही त्याने हातोडा ओढून घेतला. उंबऱ्याला पाठ लावून तो उठायची धडपड करू लागला. बाहेर जायची वाट तीच होती आणि तो त्या वाटेत होता.

बायकोला बोलता येत नव्हते. मावशीने तिला मानेने भिंतीवरची कमानीची रेघ दाखवली. मग एकीचे दोन हात आणि दुसरीचा एक, असे तीन हात पहारेला लागले. पहिल्या घावाला गिलावा गळाला, पुढच्यांना जुना चुना ढासळला, विटा सैल झाल्या. बुजवणाऱ्याने काम फार मनापासून केले नव्हते. एक वीट आत पडली, मग दोन, मग मोठा ढिगारा त्यांच्याच पायांवर आला. भोकातून कापसासारखे अस्तर दिसले, आणि त्याच्या मागे लाकूड. बायकोने त्यावर पहार हाणली. ते हलले नाही. नवऱ्याचे काम पक्के होते. तिने पुन्हा हाणली, आणि पुन्हा, आणि तिच्या बांधलेल्या जबड्यातून लाळ आणि रक्त ओघळत राहिले.

मागे सुतार उभा राहिला होता. एक खांदा लोंबत होता. दुसऱ्या हातात हातोडा होता. त्याने मावशीच्या डोक्यावर वार केला. तिने मान वळवली म्हणून तो कवटीवर सरळ बसला नाही, कातडी सोलून गळ्याजवळच्या हाडावर उतरला. ती विटांवर पडली. डोळ्यांत रक्त आले तरी तिला दिसत होते की बायकोने वळून पाहिले नाही. ती हाणतच राहिली.

मंदिरात वरच्या ओळीतल्या गायकाच्या खांद्यावर चुन्याची पूड पडली. मग ऑर्गनशेजारचे पॅनेल फुगले आणि एक खिळा टण्णकन बाहेर उडून कळपट्टीवर पडला. बाईंनी तो पाहिला. त्यांचे हात वर उचलले गेले. ऑर्गन थांबला, गाणे वाहून पुढे गेले आणि फाटले, आणि त्या फटीतून भिंतीतले घाव प्रत्येकाला ऐकू आले.

"तोडा ते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असे तसा होता. "उभे काय राहिलात? तोडा."

किल्ल्या आत होत्या, फाटक बंद होते. कुंपण ओलांडून वळसा घालायला कोणाला सुचले नाही. माणसांनी नव्या पॅनेलला नखे लावली. ठेकेदाराने एक बाक उचलले आणि चौघांना घेऊन फळीवर आदळले. फळी उभी चिरली, लोकांनी ती ओढून काढली, अस्तर फाडले, आणि भिंतीतल्या फटीतून सगळ्या मंडळीला सुतार दिसला. हातोडा उचललेला, चेहऱ्यावर चुना, पायाशी मावशी.

त्यानेही मंडळी पाहिली. ओळखीचा एकेक चेहरा पाहिला. क्षणभर वाटले, आता हात खाली येईल. तो आलाच, पण बायकोच्या गुडघ्यावर. सगळ्यांच्या देखत, भर उजेडात त्याने तो घाव पूर्ण केला. गुडघ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

मग मंडळी आत शिरली. फट इतकी अरुंद होती की ठेकेदार पोटाशी अडकला आणि मागच्यांनी ढकलून त्याला आत पाडले. सुतार खाली गेला. त्याच्यावर मुठी पडल्या, बूट पडले, विटा पडल्या. टाळ्या वाजवणारे हात होते ते. पाळक मधे पडले तर त्यांच्याही तोंडावर एक बुक्की बसली. मावशी विटांवर पडून हे बघत होती. हिशेबाने तिला समाधान वाटायला हवे होते. तिच्या मनात आले, एवढा जोर होता तर यांच्या हातांत. जपून ठेवला होता म्हणायचा.

"जीव जाईल त्याचा," ती म्हणाली. कोणी ऐकले नाही. मग सुताराच्या बायकोने हातातली पहार फरशीवर फेकली. लोखंडाच्या त्या आवाजाने माणसे दचकून थांबली.

सुतार जगला आणि इस्पितळातून तुरुंगात गेला. त्याची बायको काही दिवस पडून होती. तिचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. मावशीच्या डोक्याला टाके पडले, हात प्लास्टरमध्ये गेला. पोलिसांनी भिंतीची छायाचित्रे नेली आणि भिंत पुन्हा समितीच्या ताब्यात दिली.

बैठक मंदिरातच भरली, भगदाडासमोर. सुरुवातीला सगळे लाकडाबद्दल बोलले. एकाने सुचवले की तूर्तास विटा लावून गिलावा करू या, निदान दिसायला बरे. दुसऱ्याने म्हटले की खोलीची जागाच बदलावी, चर्चपासून लांब कुठेतरी. आपल्या लोकांना धक्का बसला आहे. पाळक, ओठ सुजलेला, म्हणाले की चूक माझी होती, मी एका उपासनेची मुदत मागितली. आणि खाली बसले.  कोणाचीतरी जीभ पुन्हा वाऱ्याच्या दिशेकडे वळते की काय, असे वाटले.

मावशी उठली. या वेळी तिने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे टाळले नाही.

"माझा नवरा माझं डोकं या भिंतीवर आपटायचा," ती म्हणाली. "तुम्ही गात असायचा. माझं मूल त्या खोलीत गेलं. खोलीला एकच दार, आणि तो त्या दारात उभा असायचा. मी हवा मागितली ते खोटं होतं. तुम्ही हवा दिलीत तेही खोटंच. मला तुमच्यात येऊन पडायला दार हवं होतं. अजून हवंय. ज्या बाया येतील त्यांना हवंय."

 ऑर्गनवाल्या बाईंनी सरकून जागा दिली. बाई म्हणाल्या, तिने सांगितले ते खरे आहे, आणि मी मोठ्याने वाजवत होते.  मागच्या बाकांवर एक म्हातारा उठून बाहेर गेला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. ते परत आले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढच्या रविवारीही नाही. जे उरले त्यांनी हात वर केले. काहींचे हात डोळे मिटून वर गेले.

ठेकेदार मात्र हात वर करून थांबला नाही. त्याला काहीतरी बसवून दिल्याशिवाय चैन पडत नसे. पोटावरचे खरचटलेले अजून सुकले नव्हते. तो खडू घेऊन भगदाडापाशी गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, रुंदी सांगा. इथं मी अडकलो होतो."

आकडा तिला सांगता येईना. तिने सुताराच्या बायकोला बोलावले. ती कुबडीवर हळूहळू आली. मावशीने चांगला हात तिच्या काखेतून घातला, तिचे वजन आपल्या अंगावर घेतले, आणि दोघी भगदाडाकडे पाठ करून, भिंतीला लागून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ठेकेदाराने कुबडीच्या बाहेरून एक रेघ ओढली, प्लास्टरच्या बाहेरून दुसरी. मागे सरून पाहिले, आणि दोन्ही रेघा पुसून आणखी थोड्या लांब ओढल्या.

गवंडी छिन्नी-हातोडे घेऊन आले. भिंतीवर पहिला घाव बसला तशी मावशीची मान खांद्यांत गेली. शेजारी सुताराच्या बायकोने दातांवर दात दाबले. घाव घालणारा गवंडी थांबला आणि म्हणाला, बाहेर बसा ना, इथं धूळ उडते. दोघींनी नकारार्थी मान हलवली. दुसरा घाव बसला, तिसरा बसला, प्रत्येक घावाला दोघींची अंगे जागच्या जागी उडत होती. गवंड्याने पाठ फिरवली आणि जोराने काम सुरू केले.